आधी फळा पुसायचा

माझा धाकटा भाऊ दारावर 'ढकला' लिहिलेलं असलं तरी आधी ओढून बघतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, "लिहिणाऱ्याचं चुकलेलं असू शकतं ना, ताई." चष्मा डोक्यावर ठेवून तो घरभर शोधतो, ते मी समजू शकते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण काही त्याच्या एकट्यासाठी झालेली नाही. पण चष्मा सापडल्यावर "मग इतका वेळ मी कशाने शोधत होतो?" या विचारात तो खुर्चीत बसून राहतो आणि समोरचा चहा गार होतो, हे फक्त त्यालाच जमतं.

हा माणूस प्राध्यापक आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना विजेची सर्किटं शिकवतो आणि चांगली शिकवतो, असं लोक सांगतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. लग्न त्याचं राहूनच गेलं. कुणी छेडलं की गंभीर चेहऱ्याने विचारतो, "कधी करायचं होतं?" माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघं भावंडं एका घरात राहतो. तो गोंधळतो, मी ओरडते. घर बरं चालतं.

एका बाबतीत मात्र त्याचा कधी गोंधळ होत नाही. वर्गात शिरला की आधी फळा पुसायचा. फळा कोरा असला तरी पुसायचा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात, सरळ आडवे पट्टे, एक जागा सुटायची नाही, आणि मग ओलं फडकं. तेवढ्या वेळात वर्ग आपोआप गप्प होतो म्हणे. मुलं त्याला 'डस्टर सर' म्हणतात. त्याला ते माहीत आहे, आणि मनातून आवडतंही. घरी तीच तऱ्हा. नळवाल्याचा नंबर लिहून ठेवायला मी स्वयंपाकघरात एक छोटी पाटी टांगली होती. नळ फुटला त्या दिवशी पाटी लख्ख होती आणि स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. मी आकाशपाताळ एक केलं, तर हा पाण्यात उभा राहून म्हणतो, "म्हणजे तू ते वापरत होतीस?"

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजने ठरवलं, की सगळ्यांचे तास कॅमेऱ्यावर उतरवून ठेवायचे. मुलांनी वाटेल तेव्हा बघावेत. मला ते ऐकूनच धस्स झालं, कारण मी त्यातून गेलेली आहे. मी बसस्थानकावर घोषणा करायचे. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' म्हणणारी ती बाई म्हणजे मी. निवृत्तीच्या आधी त्यांनी माझा आवाज भरून घेतला, गावांची नावं वेगळी, आकडे वेगळे. आता ते तुकडे जोडून वाजवतात. त्यामुळे 'फलाट क्रमांक' मी आनंदाने म्हणते आणि 'तीन' म्हणताना वैतागलेली असते, कारण त्या दिवशी मला सर्दी झाली होती. मी बाकावर बसून बसची वाट बघत असते आणि माझाच आवाज मला चुकीच्या फलाटावर पाठवतो. तक्रार कुणाकडे करायची?

धाकट्याला यातलं काही सांगितलं नाही. तो बिचारा कोरा करकरीत शर्ट घालून गेला. पहिल्या दिवशी त्याने कॅमेऱ्यासमोर फळा पुसला, एक सर्किट काढलं, समजावलं, आणि सवयीने विचारलं, "समजलं का?" आणि थांबला. कॅमेरावाला म्हणाला, "सर, पुढे बोला ना." हा म्हणाला, "थांबा की, अजून कुणी सांगितलं नाही."

पुढे ती फिल्म त्याने घरी मला दाखवली. फळा पुसणं काढून टाकलेलं, आणि प्रत्येक 'समजलं का'नंतरचं थांबणंही कापलेलं. एक वाक्य संपतं न संपतं तोच दुसरं त्याच्या उरावर. धाकटा स्वतःकडेच डोळे फाडून बघत होता. "ताई, हा माणूस थांबतच नाही गं. कुणाला 'नाही' म्हणायचं असेल तर त्याने कधी म्हणायचं?"

सत्र सुरू झालं आणि त्याचे तास गेले. वर्गांतले फळे काढले, पडदे लावले. विभागप्रमुखांनी त्याला बोलावून सांगितलं, "सर, सुटलात तुम्ही! आता शंका विचारायला मुलं आली तर सांगा, नाहीतर निवांत बसा. पुढच्या सत्रापासून तुम्हाला वेळापत्रक विभाग देतो." ज्या माणसाला आज वार कोणता हे रोज सकाळी मला विचारावं लागतं, त्याला वेळापत्रक! मी हसले, तो हसला नाही. शंकांच्या खोलीत तो रोज जाऊन बसायचा. कुणी यायचं नाही. फिल्मला शंका येतच नसाव्यात.

एकदा जेवताना घास हातात धरून त्याने विचारलं, "ताई, तास नसला तर मी सर राहतो का?"

मी म्हटलं, "जेव आधी." दुसरं काय म्हणणार? बसस्थानकावर मला अजून कुणी 'घोषणावाल्या बाई' म्हणतं का, याचं उत्तर मला ठाऊक होतं.

अशात एका दुपारी दारात एक मुलगी उभी. हातांना काळं वंगण, खिशात पेचकस, केस पेन्सिलीने बांधलेले. दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला सगळे 'कप्तान' म्हणायचे. मी सरबत दिलं तर ते पिण्याआधी तिने आमच्या टेबलाचा डुगडुगता पाय वाकून बघितला.

कॉलेजच्या मागे जुन्या जनरेटरची शेड होती, ती मुलांनी मागून घेतली होती. तिला ती 'खटपटघर' म्हणत. काय वाटेल ते बनवायचं, मोडायचं, पुन्हा बनवायचं. चावी मुलांकडे, नियम मुलांचे, झाडलोट मुलांची. प्राध्यापकांचा तिथे काही संबंध नव्हता, आणि आता मुलांनाच एखादा प्राध्यापक हवा झाला होता, कारण काही गोष्टी अडल्या की अडूनच राहायच्या. प्राचार्य कबूल झाले होते. जो प्राध्यापक खटपटघरात शिकवेल त्याचे तास खरे तास म्हणून धरायचे. अट एकच, मुलांनी त्याला पुन्हा बोलावलं पाहिजे.

"मी सगळ्यांना विचारून आले, सर," कप्तान म्हणाली. "एक सर म्हणाले, हजेरी कोण घेणार? एक मॅडम म्हणाल्या, मी बसू कुठे? एकांनी विचारलं, बोट कापलं तर सही कुणाची? विभागप्रमुख म्हणाले, कल्पना उत्तम आहे, आणि मला दारापर्यंत सोडायला आले."

"म्हणजे मी तुमच्या वर्गात यायचं?" धाकट्याने विचारलं.

"तिथे वर्ग नाही, सर."

"मग तुम्ही माझ्या वर्गात येणार?"

"नाही. आम्ही तिथेच असतो. तुम्ही यायचं."

"मग शिकवायचं काय?"

"ते आल्यावर कळेल. म्हणजे आम्हालाही तेव्हाच कळतं."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मलाही वाटत होतं, की हे काहीतरी धरलं तर चावतं सोडलं तर पळतं असं प्रकरण आहे. पण तास धरणार होते. मी त्याच्या वतीने सांगून टाकलं, "येतील. कधी यायचं ते सांग."

जायच्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली. "ताई, तू चल." पन्नाशी उलटलेला प्राध्यापक शिकवायला मोठ्या बहिणीला घेऊन जातो, हे मी कुठे ऐकलं नव्हतं. पण गेले. दारावर 'ओढा' लिहिलं होतं. त्याने ढकललं.

आत शिरलो आणि आम्ही दोघंही चक्रावलो. त्या खोलीला पुढची बाजूच नव्हती. चारी भिंतींना टेबलं, मध्ये एक मोठं टेबल, आणि मुलं कुठेही तोंड करून उभी, बसली, एक तर टेबलाखाली पालथा. कुणी उठलं नाही, कुणी नमस्कार केला नाही. "या सर," एवढं म्हणून जो तो आपल्या कामाला. एका भिंतीवर हत्यारं टांगलेली होती आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्याच आकाराची पांढरी रेघ रंगवलेली. करवतीमागे करवत, पकडीमागे पकड. मी एकीला विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, "मावशी, काय परत आलं नाही ते लगेच दिसतं. आणि ज्याच्या हत्याराची जागा भिंतीवर रंगवली तो इथला. मग त्याला बोलवावं नाही लागत." मला ते आवडलं. माझ्या सांडशीसाठीसुद्धा अशी एक रेघ हवी होती.

इकडे धाकटा खोलीच्या मधोमध पंख्यासारखा फिरत होता. उभं कुठे राहायचं? बोलायचं कुणाकडे बघून? आणि मग त्याला फळा दिसला.

हत्यारांच्या समोरच्या भिंतीवर खराखुरा काळा फळा होता. उजव्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. तो त्याच्याच जुन्या वर्गातला होता. मोडीत काढला तेव्हा मुलांनी उचलून आणला असणार. धाकट्याने टवका ओळखला आणि त्याचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. परक्या लग्नात माणसाला अचानक आपल्या शाळेतला कुणी भेटावा, तसा. फळ्यावर काहीबाही काढलेलं होतं, इकडून तिकडे रेघा, चौकोन, बाण, चार रंगांचे खडू. खाली डस्टर होतं.

त्याने डस्टर उचललं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. सरळ आडवे पट्टे. मी कौतुकाने बघत होते, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले होते. एकही जागा सुटली नाही. खोली हळूहळू गप्प होत गेली आणि मला वाटलं, वा, अजूनही जमतंय याला.

तो वळला, हात झटकले. "हं. तर आज..."

आणि त्याला मुलांचे चेहरे दिसले. टेबलाखालचा मुलगाही बाहेर आला होता. एकीच्या हातातला पेला तोंडापाशी थांबला होता.

"काय झालं?" धाकट्याने विचारलं.

कप्तानने हळू आवाजात सांगितलं. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी मुलं एक यंत्र करत होती. पाणी खाली गेलं की पंप आपोआप सुरू व्हायचा, टाकी भरली की बंद. निदान तसं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात टाकी भरली तरी पंप वाटेल तेव्हा सुरू व्हायचा आणि जिन्यावरून धबधबा. म्हणून यंत्र सगळं सोडवून तारा एका परातीत काढून ठेवल्या होत्या. आणि कुठली तार कुठे जायची, ते फक्त फळ्यावर होतं. सत्र सुरू झाल्यापासून ज्याला जे सुचेल ते तो तिथे येऊन काढायचा. खटपटघराचा नियमच तसा होता. फळ्यावर भर घालायची, पुसायचं नाही. हा नियम इतका सगळ्यांना ठाऊक होता, की तो कुठे लिहिलेला नव्हता.

"म्हणजे तुम्ही ते वापरत होतात?" धाकटा म्हणाला. मी डोळे मिटले.

तिथे एक मुलगा होता, त्याला 'फ्यूज' म्हणत, कारण तो चटकन उडायचा. तो उडाला. "वापरत होतो का म्हणजे? सर, तुम्ही बघितलं तरी का काय आहे ते? आता परातीतल्या तारा काय देव येऊन जोडणार? एक दिवस आले आणि सगळं..."

माझं डोकं फिरलं. माझ्या भावाला मी काहीही बोलेन, दुसऱ्याने नाही बोलायचं. मी सगळं आयुष्य ज्या आवाजात काढलं तो आवाज आपसूक बाहेर पडला. "सर्वांनी कृपया शांत राहावे!"

खोली चिडीचूप. मग फ्यूजचं तोंड उघडंच राहिलं. "आजी, तुम्ही... फलाट क्रमांक तीनवाल्या?"

"मावशी म्हण," मी म्हटलं.

कुणीतरी फोटो आहे म्हणून मोबाइल काढला. वरातीमागून घोडं. फोटोत सगळ्यांचे हसरे चेहरे स्पष्ट होते आणि यंत्राची आकृती कुणाच्या तरी कानामागे. धाकटा पांढराफटक पडला होता. खडूच्या धुळीने की कशाने, देव जाणे. "चुकलं माझं," तो म्हणाला. "मी निघतो." डस्टर ठेवायला त्याला जागा सापडेना. शेवटी ते त्याने कप्तानच्या हातात दिलं आणि आम्ही निघालो. या वेळी दार त्याने बरोबर उघडलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "ताई, मी वेळापत्रकात जातो. तिथे पुसण्यासारखं काही असलं तर आधी विचारेन." मी त्याला बोलणार होते, खूप बोलणार होते. पण त्याचा चेहरा बघून मलाच रडू फुटलं, म्हणून मी उगाच भांडी आपटली. कुठून मी त्या मुलीला 'येतील' म्हणाले? आगीतून काढून फुफाट्यात टाकलं मी त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहापाशी बसून टेबलावर बोटाने काहीतरी काढत होता. पुसत होता, पुन्हा काढत होता.

"दोन का?" तो म्हणाला.

"काय दोन?"

"शेवटचा पट्टा पुसताना दिसलं मला. टाकीत दोन फ्लोट होते. पाण्यावर तरंगतो तो खटका गं, पाणी वर आलं की पंप बंद करतो. एक पुरतो. त्यांनी दोन काढले होते, एक वर, एक जरासा खाली. दोन का?"

"असतील. तुला काय करायचंय?"

"मला कळत नाहीये, ताई." आणि तो उठला. त्याला अपराधी वाटत होतं, लाज वाटत होती, ते मला दिसत होतं. पण न कळणं त्याला त्याहून सहन होत नाही. लहानपणी दिवा बंद झाल्यावर उजेड कुठे जातो, हे विचारायला तो शेजाऱ्यांकडे गेला होता. तसाच आत्ता निघाला. चष्मा टेबलावरच राहिला. मी तो घेऊन मागून धावले.

मी खटपटघराच्या दारात पोचले तेव्हा तो आत फळ्यापासून चार हात लांब उभा होता, हात पाठीमागे बांधून. मुलं परातीभोवती तोंडं पाडून बसली होती. फ्यूजने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"मी काही पुसायला आलो नाही," धाकटा म्हणाला. "एकच विचारायचंय. फ्लोट दोन का होते?"

मग फ्यूज म्हणाला, "दुसरा कप्तानने काढलाय." कप्तान म्हणाली, "मी? मी आले तेव्हा तो होताच. मला वाटलं तुझा." तिसरी म्हणाली, दोन्ही असायलाच हवेत, का ते तिला माहीत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता एखादा दुसरा प्राध्यापक असता तर त्याने तिथेच उत्तर दिलं असतं. निदान सुस्कारा टाकून मान हलवली असती. धाकटा नुसता थांबला. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि ऐकायचं होतं. ते थांबणं मी ओळखलं. फिल्ममधून कापून टाकलेलं तेच ते थांबणं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी येत होती. मला दारात उभं राहवेना. कुणीतरी बोला रे, असं ओरडावंसं वाटलं.

टेबलाखाली पालथा होता ना, तो मुलगा बोलला. "सर, मी टाकला होता एक. आधीचा अडकतो असं वाटलं म्हणून. पण आधीचा काढायचा राहिला."

"बरं. मग दोन्ही असले तर काय होईल?"

"काही नाही. म्हणजे... पाणी दोघांच्या मधे असलं तर..."

"तर?"

"एक म्हणेल भरली. एक म्हणेल नाही."

"मग पंप कुणाचं ऐकेल?" धाकट्याने विचारलं, आणि पुन्हा थांबला.

फ्यूज ताडकन उठला. "अरे!" तो म्हणाला. "अरे, अरे!" आणि खडू घेऊन फळ्याकडे धावला. कप्तानने त्याच्या हातातून खडू काढून घेतला, कारण त्याची आकृती कुणालाच वाचता येत नाही म्हणे. मलाही एवढं कळलं. एका स्वयंपाकघरात दोन सासवा होत्या, पंपाने करायचं काय?

मग पहिल्यापासून सुरुवात झाली. पाणी कुठून येतं? ही तार कशाला? हिच्याशिवाय चालणार नाही का? धाकट्याला चष्म्याशिवाय फळा नीट दिसत नव्हता, म्हणून तो प्रत्येक रेघ विचारत होता, "आता काय काढलंस? ते कशासाठी?" आणि काढणाऱ्याला सांगावं लागत होतं. सांगता आलं तर रेघ राहायची, नाहीतर जायची. जुना फळा म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या होत्या, हे मुलांच्या आता लक्षात येत होतं. चष्मा माझ्या हातातच होता. दोन पावलं टाकून द्यायचा एवढंच. मी तो पदराखाली धरून दारातच उभी राहिले.

परतताना धाकटा म्हणाला, "हा तास धरायचा का? मी तर काहीच शिकवलं नाही. फ्लोट कुठला अडकत होता तेही मला अजून कळलेलं नाही."

धरायचा की नाही, हे मुलांनी पुन्हा बोलावण्यावर होतं. आम्ही वाट बघितली. दाराची घंटा वाजली की तो माझ्या आधी धावायचा. कधी रद्दीवाला, कधी शेजारीण. कुणी बोलावलं नाही. आठवडा गेला, पुढचाही चालला. एक दिवस तो वेळापत्रक विभाग बघून आला. खिडकीजवळ टेबल देणार होते त्याला. "उजेड चांगला येतो," तो म्हणाला, आणि कपाटातला खडूंचा जुना डबा काढून माझ्याकडे दिला. "रांगोळीला होईल तुला." मी आयुष्यात कधी रांगोळी काढलेली नाही. डबा मी जिथे होता तिथेच नेऊन ठेवला आणि त्या मुलांना मनातल्या मनात लाखोली वाहिली.

आणि मग कप्तान आली. रागाने लाल. दारातूनच ओरडली, "सर, तुम्ही येत का नाही? दोनदा सगळे थांबले तुमच्यासाठी!"

धाकटा गडबडला. "पण... बोलावलं नाहीत ना."

"बोलवायचं कशाला? भिंतीवर रंगवलंय की!"

"काय?"

"तुमचं डस्टर!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिला वाटत होतं, हे तर जगाला ठाऊक आहे. त्याला वाटत होतं, बोलावणं म्हणजे कुणीतरी येऊन 'या' म्हणणार. शहाणी माणसं दोन्हीकडची, आणि एकालाही सांगायचं सुचलं नाही. मला मात्र ती पोरगी हत्यारांच्या भिंतीपाशी काय म्हणाली होती ते आठवलं, आणि मी धाकट्याला तसाच घरच्या चपलांवर बाहेर काढला.

खरंच रंगवलं होतं. करवत आणि पकडीच्या मधे एक पांढरा चौकोन आणि त्यात ते डस्टर टांगलेलं. धाकट्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. रंग वाळलाय का बघतोय असं दाखवत होता, पण मी त्याची बहीण आहे. बराच वेळ तो आमच्याकडे पाठ करूनच उभा होता.

वसतिगृहाचा पंप आता शहाण्यासारखा चालत होता. फळ्यावर नवीनच काहीतरी सुरू झालं होतं, आणि फ्यूजने एक कोपरा रिकामा ठेवला होता. "हा तुमचा, सर. बाकीच्याला हात लावायचा नाही." धाकट्याने त्या कोपऱ्यात एक छोटं सर्किट काढलं आणि समजावून सांगितलं. उभं कुठे राहायचं हे त्याला अजून कळलं नव्हतं, म्हणून तो बोलता बोलता मधल्या टेबलाला प्रदक्षिणा घालत होता आणि मुलंही त्याच्याबरोबर माना फिरवत होती.

शेवटी तो थांबला. "समजलं का?"

आणि थांबूनच राहिला. कुणी त्याला पुढे बोला म्हणालं नाही. मुलं फळ्याकडे बघत होती.

मागून आवाज आला, "नाही, सर."

धाकटा गर्रकन माझ्याकडे वळला. भर खोलीत, सगळ्यांच्या देखत, लहानपणी हाक मारायचा तसा ओरडला, "ताई, ऐकलंस का? नाही म्हणाला!"

मग भिंतीवरचं डस्टर काढून त्याने आपला कोपरा पुसायला घेतला.